चार थ्रेड, एक व्हेरिएबल आणि दर वेळी वेगळं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: 1 ते 1 कोटीमधल्या मूळ संख्या मोजणारा सी प्रोग्राम लिहिला आहे, लिनक्सवर जीसीसीने कंपाइल करतो. काम चार थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या चार धाग्यांमध्ये, वाटलं आहे. लूप 0 ते 3 फिरतं, प्रत्येक फेरीत थ्रेड बनवणाऱ्या पीथ्रेड_क्रिएटला &आय, म्हणजे लूप मोजणाऱ्या ‘आय’चा मेमरीतला पत्ता, दिला जातो. थ्रेड त्या क्रमांकावरून आपले 25 लाख आकडे ठरवतो आणि मूळ संख्या सापडली की सगळ्यांच्या सामाईक ‘एकूण’ या व्हेरिएबलमध्ये एक मिळवतो, म्हणजे ‘एकूण++’ करतो. आधी प्रोग्राम काहीच न छापता संपायचा, म्हणून मेनच्या शेवटी स्लीप(5) टाकलं. आता उत्तर येतं, पण कधी शे-दीडशेने कमी असतं, कधी काही हजारांनी चुकतं. मधूनच ‘थ्रेड 4 सुरू’ असंही छापलं जातं, आणि तो थ्रेड तर बनवलेलाच नाही. शिवाय चार थ्रेड लावूनही वेळ चौथाईवर येत नाही. थ्रेड बनवताना नेमकं काय चुकतंय?

थ्रेड तुम्ही बरोबरच बनवता आहात. घोळ आहे तो मेमरीचा. थ्रेडच्या हातात जी जागा दिली ती कुणाची, आणि ती कधीपर्यंत तशीच राहणार, हे तुमच्या कोडमध्ये कुठेही ठरलेलं नाही. चारही तक्रारींपैकी तीन थेट तिथून येतात आणि चौथीचं थोडं वेगळं आहे. तुमचा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण तुमच्या प्रोग्रामचं खरं उत्तर माहीत आहे: 1 कोटीपर्यंत 6,64,579 मूळ संख्या आहेत. थ्रेडचा कोड तपासायला असा पक्का आकडा हाताशी असणं फार मोलाचं असतं. बहुतेक खऱ्या कामात तो नसतो आणि चूक वर्षानुवर्षं दडून राहते.

आधी पीथ्रेड_क्रिएट काय करतं ते भरभर बघू. त्याला चार गोष्टी लागतात: नव्या थ्रेडची ओळख जिथे लिहायची ती जागा, गुणधर्म (बहुतेक वेळा नल पुरतं), थ्रेडने चालवायचं फंक्शन, आणि त्या फंक्शनला द्यायचा एक व्हॉइड पॉइंटर. फंक्शन व्हॉइड पॉइंटर घेणारं आणि व्हॉइड पॉइंटरच परत करणारं हवं. इंट घेणारं फंक्शन कास्ट करून कोंबलेलं मी बऱ्याच कोडमध्ये पाहतो. ते चालतं असं वाटतं, पण भाषेच्या नियमांत बसत नाही. फंक्शन यशस्वी झालं तर 0 परत येतो, नाहीतर त्रुटीचा क्रमांक थेट परत येतो. तो एरनोमध्ये, म्हणजे सी मधल्या त्रुटी-क्रमांकाच्या नेहमीच्या जागेत, ठेवला जात नाही, त्यामुळे तिथून वाचून संदेश छापणारं पीएरर इथे वापरलं तर भलताच संदेश दिसेल. परत आलेला क्रमांक स्ट्रएररला द्या, ते त्याचा संदेश देतं. आणि तो तपासाच. थ्रेडची मर्यादा संपली की ईअगेन हा क्रमांक येतो, आणि न तपासता पुढे गेलात तर न बनलेल्या थ्रेडची वाट बघत बसाल.

लिनक्सवर या कॉलच्या पोटात क्लोन नावाचा सिस्टिम कॉल आहे. एक पीथ्रेड म्हणजे कर्नलच्या दृष्टीने स्वतंत्रपणे वेळ मिळणारं एक टास्क, फक्त मेमरी आणि उघड्या फाइली सगळ्यांच्या सामाईक. त्यामुळे पीथ्रेड_क्रिएट परत येण्याआधी नवा थ्रेड धावून संपलेला असू शकतो, किंवा मेनचं लूप कधीच पुढे गेलं तरी त्याने पहिली ओळही चालवलेली नसते. दोन्ही शक्यता कायद्याने सारख्याच, आणि दोन्ही घडतात. तुमच्या ‘थ्रेड 4’चं मूळ इथेच आहे.

आता &आय. लूपमध्ये आय एकच आहे, मेमरीत त्याची जागाही एकच. चारही थ्रेडना तुम्ही त्या एकाच जागेचा पत्ता दिला. निरोप्याच्या हातात चिठ्ठी देण्याऐवजी वर्गातल्या फळ्याकडे बोट दाखवावं आणि तो वळून बघेपर्यंत फळा पुसून नवं काही लिहावं, तसं हे झालं. मेनने आय 0 असताना पहिला थ्रेड बनवला, पण त्या थ्रेडने पत्ता उघडून वाचेपर्यंत आय 1 झालेला असू शकतो, 2 असू शकतो. लूप संपतं तेव्हा आय 4 असतो, कारण 4 पेक्षा लहान नाही म्हणूनच तर लूप थांबलं. उशिरा उठलेल्या थ्रेडला तो 4 दिसतो. मग तो इमानेइतबारे 1 कोटी 1 ते 1 कोटी 25 लाख यांमधल्या मूळ संख्या मोजतो. तुम्ही सांगितल्या नव्हत्या, तरीही.

मी तर म्हणेन, ‘थ्रेड 4’ छापला गेला हे तुमचं नशीब. नाहीतर ही चूक सहज लपते. पहिल्या 25 लाखांत 1,83,072 मूळ संख्या आहेत आणि पुढच्या 25 लाखांत 1,65,441. समजा पहिल्या थ्रेडने 0 ऐवजी 1 वाचला. म्हणजे दुसरा भाग दोनदा मोजला गेला आणि पहिला एकदाही नाही. एकूण उत्तर 17,631 ने कमी येईल. सहा लाखांच्या उत्तरात हा फरक नजरेला बोचत नाही, उत्तर ‘साधारण बरोबर’ दिसतं. काही हजारांनी चुकणारी तुमची उत्तरं या जातीची आहेत. शे-दीडशेने चुकणारी वेगळ्या जातीची, त्यांच्याकडे नंतर येतो. एकाच प्रोग्राममधल्या दोन चुका चुकीच्या आकारावरून वेगळ्या काढता येतात, हे लक्षात असू द्या. बिघाड शोधताना मी आधी तेच बघतो.

एक सावधगिरी. तुम्ही नंतर थ्रेडची वाट बघणारं दुसरं लूप लिहाल, आणि आय बाहेर जाहीर केलेला असेल तर त्यातही तोच वापराल. तेव्हा आय पुन्हा 0 होतो आणि उशिरा उठलेल्या थ्रेडला 4 ऐवजी 0 दिसायला लागतो. ‘थ्रेड 4’ गायब होतो, चूक मात्र तशीच राहते, फक्त ओळखायला जास्त कठीण होते. आय फॉरच्या कंसातच जाहीर केला असेल तर आणखी वाईट, कारण लूप संपल्यावर त्याचं आयुष्यच संपतं आणि त्या जागी कंपाइलर काहीही ठेवू शकतो.

यावर दोन उपाय प्रचलित आहेत. पहिला: पत्ता न देता किंमतच पाठवायची. आयला इंटपीटीआर_टी (पत्ता मावेल असा पूर्णांकाचा प्रकार) मध्ये कास्ट करून मग व्हॉइड पॉइंटरमध्ये, आणि थ्रेडमध्ये उलट. छोट्या पूर्णांकासाठी हे चालतं आणि सर्रास वापरलं जातं. मला दुसरा उपाय आवडतो, कारण खऱ्या प्रोग्राममध्ये एका आकड्यावर काम भागत नाही: प्रत्येक थ्रेडला त्याचं स्वतःचं स्ट्रक्चर द्या.

स्ट्रक्ट काम { लाँग पासून; लाँग पर्यंत; लाँग सापडल्या; };

मेनमध्ये अशा चार कामांचा ॲरे करा, थ्रेड बनवण्याआधी त्या त्या घराचे पासून आणि पर्यंत भरा, आणि पीथ्रेड_क्रिएटला &कामं[आय] द्या. आता चार थ्रेडना चार वेगळे पत्ते मिळाले. आय पुढे सरकला तरी कुणाचं बिघडत नाही, कारण &कामं[आय] हा पत्ता कॉल करतानाच काढून दिला गेला. घराचा मालक ठरला: थ्रेड बनेपर्यंत मेन, थ्रेड चालू असेपर्यंत तो थ्रेड, थ्रेड संपल्यावर पुन्हा मेन. ॲरे मेनमध्ये आहे आणि मेन सगळ्यांची वाट बघूनच संपणार आहे, म्हणून जागा शेवटपर्यंत टिकते.

पण मेन वाट बघतोय का? तुमच्या कोडमध्ये नाही. मेनमधून रिटर्न झालं म्हणजे एक्झिट बोलावल्यासारखंच, आणि एक्झिट झालं की सगळी प्रोसेस संपते, थ्रेड कुठेही असोत. म्हणून सुरुवातीला काहीच छापलं जात नव्हतं. स्लीप(5) काढून टाका, आजच. ते ‘पाच सेकंदांत संपेल’ अशी आशा आहे. तुमच्या लॅपटॉपवर ती खरी ठरते, बॅटरीवर चालताना किंवा मागे दुसरं काही कंपाइल होत असताना ठरणार नाही, आणि मग अर्धवट बेरीज पूर्ण उत्तर म्हणून छापली जाईल. त्या जागी प्रत्येक थ्रेडसाठी पीथ्रेड_जॉइन हवं. जॉइन थ्रेड संपेपर्यंत थांबतं आणि तो आधीच संपला असेल तर लगेच परत येतं.

जॉइनचं याहून मोठं काम मात्र बहुतेक नोट्समध्ये लिहिलेलंच नसतं. क्रिएट आणि जॉइन या मेमरीच्याही सीमा आहेत. क्रिएटच्या आधी मेनने जे लिहिलं ते नव्या थ्रेडला नक्की दिसतं. थ्रेडने जे लिहिलं ते जॉइन परत आल्यावर मेनला नक्की दिसतं. ही हमी पॉझिक्स, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमचं मानक, देतं, आणि सी 11 (सी भाषेचं 2011 चं मानक) मधल्या थ्रेडसाठीही ती तशीच आहे. त्यामुळे कामं[आय].सापडल्या वाचायला कुठलंही लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) लागत नाही, जॉइन झालं एवढं पुरतं. थ्रेडचा बराचसा चांगला कोड नुसत्या या दोन सीमांवर लिहिता येतो: आधी सगळं भरा, थ्रेड सोडा, प्रत्येकाला आपापल्या कोपऱ्यात काम करू द्या, जॉइन करा, मग बेरीज करा. लॉक शिकायच्या आधी ही पद्धत हातात बसली पाहिजे असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला बऱ्याचदा पहिल्याच तासाला म्युटेक्स आणि सेमाफोर ही लॉकची साधनं येतात, आणि मुलांचा समज होतो की थ्रेड म्हणजे लॉक आलंच.

थ्रेडने निकाल परत कसा द्यायचा, हाही याच मालकीचा भाग. फंक्शन व्हॉइड पॉइंटर परत करतं म्हणून पुष्कळ जण आतल्या लोकल व्हेरिएबलचा पत्ता परत करतात. तो थ्रेडच्या स्टॅकवर, म्हणजे लोकल व्हेरिएबलांसाठीच्या जागेत, असतो आणि थ्रेड संपला की त्या स्टॅकची जागा कुणाचीच नसते. छोट्या चाचणीत बरोबर किंमत मिळते, कारण अजून कुणी तिथे लिहिलेलं नसतं. स्ट्रक्चरमध्ये ‘सापडल्या’ हे घर मी त्यासाठीच ठेवलं आहे. निकाल तिथे लिहा आणि फंक्शनमधून नल परत करा.

जॉइन करायचंच नसेल, म्हणजे सर्व्हरमध्ये प्रत्येक जोडणीला एक थ्रेड सोडून विसरून जायचं असेल, तर पीथ्रेड_डिटॅच करा. दोन्हींपैकी एक करावंच लागतं. काहीच न केलेला थ्रेड संपला तरी त्याचा स्टॅक आणि नोंद मागे राहते, आणि दिवसरात्र चालणाऱ्या प्रोग्राममध्ये ती साचत जाते. आणि डिटॅच केलेल्या थ्रेडला मेनच्या स्टॅकवरचं काहीही देऊ नका. त्याला मॅलॉकने, म्हणजे मेमरी मागून घेणाऱ्या फंक्शनने, जागा करून द्या आणि ती मोकळी करायची जबाबदारी त्या थ्रेडवरच टाका.

आता शे-दीडशेची चूक. ‘एकूण++’ दिसायला एक ओळ आहे, पण प्रोसेसरला तीन कामं करावी लागतात: मेमरीतून किंमत उचलणं, एक मिळवणं, परत ठेवणं. एका थ्रेडने 5,000 उचलला, त्याने 5,001 ठेवण्याआधी दुसऱ्यानेही 5,000 उचलला, दोघांनी 5,001 ठेवला. दोन मूळ संख्या सापडल्या, मोजली गेली एक. एक्स 86 वर ही बेरीज एकाच सूचनेत होऊ शकते, पण त्या सूचनेला लॉकची जोड नसेल तर दोन कोअर एकाच वेळी तेच करू शकतात, त्यामुळे सुटका नाही.

तुमच्याकडे चूक थोडी आहे याचं कारण असं की थ्रेडचा बहुतेक वेळ भागाकार करण्यात जातो. 50 लाखांच्या आसपासची एक मूळ संख्या ठरवायला वर्गमुळापर्यंत, म्हणजे सुमारे 2,236 पर्यंत भागून बघावं लागतं. इतक्या कामानंतर एकदा ‘एकूण++’ येतं, म्हणून दोघांची गाठ क्वचितच पडते. पण क्वचित म्हणजे कमी धोकादायक असं समजू नका. 14 ऑगस्ट 2003 ला अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडाच्या ऑन्टारियोत सुमारे 5 कोटी लोकांची वीज गेली. तारा झाडांना टेकून वाहिन्या बंद पडत होत्या, पण ओहायोतल्या नियंत्रण कक्षात धोक्याची सूचना देणारं सॉफ्टवेअर मुकं झालं होतं आणि कामावरच्या लोकांना ते कळलंच नव्हतं. नंतरच्या तपासात त्यामागे अशीच शर्यत निघाली: दोन प्रोसेसना एकाच माहितीवर एकाच वेळी लिहिता आलं होतं. तोपर्यंत तेच सॉफ्टवेअर विनातक्रार चालत आलं होतं.

सी 11 ने याबद्दल स्पष्ट नियम केला. दोन थ्रेड एकाच जागेला हात लावतात, निदान एक जण लिहितो, दोघांमध्ये क्रम ठरलेला नाही आणि ती जागा अटॉमिक (जिच्यावरच्या क्रियेच्या मध्ये दुसरं कुणी घुसू शकत नाही अशी) नाही, तर प्रोग्रामच्या वागण्याची कुठलीही हमी नाही. ‘एखादी बेरीज चुकेल, बाकी ठीक’ असंही भाषा म्हणत नाही. व्होलाटाइल लावून हे सुटत नाही. व्होलाटाइल कंपाइलरला प्रत्येक वेळी मेमरीत जायला लावतं, पण तीन कामं तीनच राहतात.

आणखी एक फसवणूक सांगतो, कारण तुम्ही ती करून बघणारच. शर्यत समजावी म्हणून लोक एक छोटा प्रोग्राम लिहितात: दोन थ्रेड, प्रत्येकात दहा लाख वेळा ‘एकूण++’, उत्तर वीस लाख यायला हवं. ऑप्टिमायझेशनशिवाय कंपाइल केलं तर उत्तर बरंच कमी येतं. मग उणे ओ 2 हा ऑप्टिमायझेशनचा पर्याय लावला की उत्तर बरोबर वीस लाख. त्यावरून ‘ऑप्टिमायझेशनने प्रश्न सुटतो’ असा निष्कर्ष निघतो. घडतं ते असं: कंपाइलर सगळं लूप गुंडाळून ‘एकूण मध्ये दहा लाख मिळव’ एवढी एकच बेरीज करतो. दोन थ्रेडच्या एकेका बेरजेची गाठ पडणं जवळपास अशक्य, म्हणून उत्तर बरोबर दिसतं. चूक तिथेच आहे, फक्त फट अरुंद झाली.

दुरुस्तीचे तीन मार्ग आहेत आणि त्यांची किंमत वेगवेगळी आहे. म्युटेक्स: बेरजेआधी पीथ्रेड_म्युटेक्स_लॉक, नंतर अनलॉक. बरोबर उत्तर येईल, पण 6,64,579 वेळा लॉक लावून काढावं लागेल. लिनक्सवर मोकळं लॉक मिळवायला कर्नलपर्यंत जावं लागत नाही, भांडण झालं तरच फ्युटेक्सचा सिस्टिम कॉल होतो. तरी ते फुकट नाही. अटॉमिक: एकूणला अटॉमिक लाँग करा आणि अटॉमिक_फेच_ॲड वापरा. साध्या मोजणीसाठी म्युटेक्सपेक्षा हलकं. आणि तिसरा, जो इथे योग्य आहे: सामाईक ‘एकूण’ ठेवूच नका. थ्रेडच्या फंक्शनमध्ये एक लोकल मोजणी ठेवा, काम संपल्यावर एकदाच कामाच्या स्ट्रक्चरमध्ये लिहा, बेरीज मेन करेल. जे वाटून घेतलेलं नाही त्याला कुलूप कशाला?

लोकल मोजणीच का, थेट स्ट्रक्चरमधलं घर का वाढवू नये, असं विचाराल. उत्तर बरोबरच येईल, प्रत्येकाचं घर वेगळं आहे. पण प्रोसेसरची कॅश, म्हणजे त्याच्याजवळची वेगवान मेमरी, बाइटने चालत नाही, ओळींनी चालते, आणि सध्याच्या बहुतेक एक्स 86 प्रोसेसरवर एक ओळ 64 बाइटची असते. आपलं स्ट्रक्चर 24 बाइटचं, म्हणजे शेजारच्या थ्रेडची घरं एकाच ओळीत येतात. एकाने आपल्या घरात लिहिलं की दुसऱ्या कोअरकडची ती ओळ बाद होते आणि त्याला ती पुन्हा आणावी लागते. तुमच्या प्रोग्राममध्ये लिहिणं विरळ आहे, फरक थोडाच पडेल. पण नुसत्या बेरजा करणाऱ्या लूपमध्ये मी यामुळे चार थ्रेड एका थ्रेडपेक्षा हळू चाललेले पाहिले आहेत.

वेगाची तक्रार मात्र मुख्यतः वाटणीमुळे आहे. आकडे सारखे वाटले, काम सारखं वाटलं गेलं नाही. मोठ्या मूळ संख्येला जास्त भागाकार लागतात. पहिल्या 25 लाखांत वर्गमूळ जास्तीत जास्त 1,581 पर्यंत जातं, शेवटच्या भागात ते 2,739 ते 3,162 असतं. शेवटच्या भागात मूळ संख्या थोड्या कमी आहेत, तरी तिथलं एकूण काम पहिल्याच्या दुपटीहून जास्त भरतं. पहिला थ्रेड लवकर मोकळा होऊन बसतो आणि सगळे शेवटच्यासाठी थांबतात. एकूण वेळ सर्वांत सावकाश थ्रेडइतकाच.

यावर सुचणारी पहिली युक्ती म्हणजे आकडे आळीपाळीने वाटायचे: एका थ्रेडला 1, 5, 9, दुसऱ्याला 2, 6, 10, असं. करू नका. चारच्या उडीने दोन थ्रेडच्या वाट्याला फक्त सम संख्या येतात आणि त्या पहिल्याच भागाकारात बाद होतात. दोन थ्रेड क्षणात संपतील, सगळं काम उरलेले दोघे करतील. कागदावर वाटणी अगदी समान दिसते, म्हणून हे पटकन लक्षात येत नाही.

चांगला मार्ग असा: ‘पुढचा’ नावाचं एक सामाईक अटॉमिक व्हेरिएबल ठेवा. मोकळा झालेला थ्रेड अटॉमिक_फेच_ॲडने त्यात 10,000 मिळवतो आणि आधीची जी किंमत परत येते तिथपासूनचे 10,000 आकडे आपले समजतो. ते संपले की पुन्हा यायचं, 1 कोटी ओलांडलं की थांबायचं. सगळ्या प्रोग्रामात मिळून हजारेक अटॉमिक कामं, म्हणजे नगण्य. कुणी हळू असेल तर तो कमी तुकडे उचलतो आणि सगळे जवळपास एकदमच संपतात. इथे सामाईक व्हेरिएबल आहे, पण त्याचा नियम एका ओळीत सांगता येतो: त्याला फक्त अटॉमिक क्रियेनेच हात लावायचा. वाटणी अशी केली की स्ट्रक्चरमधल्या पासून-पर्यंतचीही गरज उरत नाही, नुसतं सापडल्या पुरतं.

थ्रेड किती? सिसकॉन्फ या फंक्शनला चालू प्रोसेसरची संख्या विचारा आणि तितके बनवा. नुसतं गणित करणाऱ्या कामात त्याहून जास्त बनवून फायदा नाही. आणि चार लॉजिकल प्रोसेसर म्हणजे चार कोअर असं नसतं. दोन कोअर, प्रत्येकी दोन हायपरथ्रेड असा लॅपटॉप असेल तर चौपट वेगाची अपेक्षाच चूक.

काही गोष्टी धावत्या सांगतो. कंपाइल करताना उणे पीथ्रेड हा पर्याय द्या. जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) 2.34 पासून, म्हणजे 2021 पासून, पीथ्रेडची लायब्ररी मूळ सी लायब्ररीतच आली आहे, त्यामुळे तो विसरलात तरी लिंक होईल, पण जुन्या मशीनवर अडेल. 2003 च्या आधीच्या नोट्समध्ये ‘लिनक्सवर प्रत्येक थ्रेडचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) वेगळा’ असं वाचाल. ते लिनक्सथ्रेड्स या जुन्या थ्रेड लायब्ररीबद्दल खरं होतं. तिच्या जागी एनपीटीएल आल्यावर सगळ्या थ्रेडना गेटपीआयडी एकच उत्तर देतं. सी 11 मधलं थ्रेड्स डॉट एच वापरू का, असं वाटेल. ते छान आहे, जीलिबसीत 2018 पासून आहे, पण मानकाने ते ऐच्छिक ठेवलं आहे. लिनक्सवर शिकताना पीथ्रेडच धरा, उदाहरणंही त्याचीच जास्त मिळतील.

स्टॅककडे लक्ष असू द्या. लिनक्सवर जीलिबसी साधारण 8 एमबीचा स्टॅक देते, आणि तो आभासी असतो, हात लावलेली पानंच खरी मेमरी खातात. पुढे भागाकार सोडून चाळणीची पद्धत घ्याल तेव्हा 25 लाख बाइटचा ॲरे फंक्शनमध्येच जाहीर करायचा मोह होईल. तो इथे मावेल. पण मसल ही सी लायब्ररी असलेल्या अल्पाइन लिनक्सवर थ्रेडला 128 केबीच मिळतात आणि तोच प्रोग्राम सुरू होताच कोसळेल. मोठं काही असेल तर मॅलॉक.

आणि थ्रेडमधून कुठली लायब्ररी फंक्शनं बोलावता ते तपासा. स्ट्रटॉक, लोकलटाइम यांच्या आत एक छुपी सामाईक जागा असते. एका ग्राहकाच्या सर्व्हरवर लॉगमध्ये मधूनच एखाद्या ओळीवर भलतीच वेळ यायची. सगळ्यांनी घड्याळाला दोष दिला. दोन थ्रेड एकदम लोकलटाइम बोलावत होते आणि एकाची वेळ दुसऱ्याच्या ओळीत छापली जात होती. लोकलटाइम_आर, स्ट्रटॉक_आर अशी शेवटी आर असलेली रूपं वापरा. त्यांना जागा तुम्ही देता, म्हणजे मालक पुन्हा ठरलेला. प्रिंटएफची काळजी नको, पॉझिक्समध्ये एक कॉल दुसऱ्याच्या मध्ये घुसत नाही. ओळींचा क्रम मात्र कसाही येईल.

आता तपासायचं कसं. मर्यादा 10 लाखांवर आणा, तिथलं उत्तर 78,498 आहे. जीसीसीला उणे जी आणि उणे एफसॅनिटाइझ=थ्रेड द्या आणि चालवा. प्रोग्राम पाच ते पंधरापट हळू होईल, म्हणूनच मर्यादा कमी केली. आधी तुमच्या मूळ कोडवरच चालवा, दुरुस्त केलेल्यावर नंतर. या पर्यायाने लागणारं थ्रेड सॅनिटायझर हे शर्यती शोधणारं साधन दोन अहवाल देईल असा माझा अंदाज आहे. एकात ‘एकूण’ची ओळ असेल, दोन थ्रेडनी ती कुठून कुठून लिहिली त्यासकट. दुसऱ्यात मेनच्या लूपमधलं आय++ आणि थ्रेडमधलं त्याचं वाचन समोरासमोर दिसेल. त्या दोन जोड्या नीट वाचा, ओळ क्रमांकांसह. मग दुरुस्त केलेला प्रोग्राम चालवा. अहवाल यायला नको, पण अहवाल नाही म्हणजे चूक नाही असं नसतं, कारण जे रस्ते त्या वेळी चालले तेवढेच तो बघतो. म्हणून थ्रेडची संख्या कमांड लाइनवरून घ्या आणि 1, 3, 7, 16 अशी बदलत, शेल लूपमध्ये शंभर-शंभर वेळा, मशीनवर दुसरं काही जड चालू असताना पळवा. प्रत्येक वेळी 78,498 यायला हवेत. एकदा जरी 78,497 आले, तरी शोधायला बसा.